शिमर स्प्रे फवारायचं सोडून थुंकायला लागला तर: आधी तळ बघा, नोझल नंतर

शिमर स्प्रे म्हणजे अल्बमच्या कागदी पानांवर चमक आणणारा, बाटलीतून फवारायचा रंग. आधी त्याच्या बिघाडाची लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

बटण दाबलं की धुक्यासारखा बारीक फवारा यायच्या ऐवजी मोठाले थेंब पडतात, आणि तेही नेमके पानाच्या मधोमध. किंवा फवारा एका बाजूला तिरका जातो. किंवा पिचकारीसारखी सरळ धारच सुटते. बटण दाबलं जातं पण बाहेर काहीच येत नाही, किंवा बटण खाली गेलं की वर यायचं नावच घेत नाही. पहिले दोन-चार फवारे झकास चमकतात आणि मग नुसतं रंगीत पाणी, किंवा उलट, आधी पाणी आणि मग एकदम चमकीचा लगदा. आणि शेवटचं म्हणजे फवारा नीट आला, पान वाळलं, पण चमक दिसतच नाही, नाहीतर दिसते आणि बोट फिरवलं की सगळी बोटाला येते.

ही सगळी वेगवेगळी दुखणी वाटतात, पण मी आजवर स्वतःच्या आणि मैत्रिणींच्या ज्या ज्या बाटल्या दुरुस्त केल्या त्यांत बहुतेक वेळा मूळ एकच निघालं, तळाशी बसलेला गाळ. लोक मात्र पहिल्यांदा टाचणी घेऊन नोझलच्या मागे लागतात आणि चांगला पंप कायमचा बिघडवून बसतात. मीही एकदा ते केलंय, अख्खा अल्बम तयार होता, शेवटच्या पानावर हलकीशी सोनेरी झाक मारायची तेवढी बाकी होती आणि फोटोतल्या चेहऱ्यावरच टपोरा थेंब पडला. त्यानंतर या बाटल्यांचा पिच्छाच पुरवला म्हणा.

तर बाटलीत असतं काय ते एकदा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. पाणी, रंग, थोडा चिकटवणारा पदार्थ म्हणजे गम अरेबिक किंवा अ‍ॅक्रिलिकचा बाइंडर, आणि मायका पावडर. मायका म्हणजे अभ्रक, त्याच्या अगदी पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइडचा मुलामा असतो, चमक त्यातून येते. अभ्रक पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जड. त्यामुळे ते पाण्यात विरघळत तर नाहीच, तरंगतही राहत नाही, बाटली ठेवली की पाच-दहा मिनिटांत तळाकडे निघतं. आणि पंपाची नळी कुठे टेकलेली असते? बरोब्बर तळाला. म्हणजे न हलवता बटण दाबलं की पंप सगळ्यात आधी सगळ्यात घट्ट गाळ ओढतो.

आता तपासण्या. सोप्यापासून सुरू करा आणि कृपा करून क्रम मोडू नका, कारण पहिल्या तिन्हींना एक पैसाही लागत नाही आणि काही बिघडायची भीतीही नाही.

पहिलं, नीट हलवा. नीट म्हणजे दोन झटके नव्हेत. बाटली उजेडासमोर धरून तळ बघा, तिथे फिकट थर दिसतोय तोवर हलवणं झालेलं नाही. आत मिसळायची गोळी असेल तर तिचा खुळखुळ आवाज आला पाहिजे, आवाज येत नसेल तर गोळी गाळात रुतलीये असं समजा. बाटली आडवी धरून दोन तळव्यांमध्ये घुसळल्यासारखी फिरवली तर तळाच्या कोपऱ्यातलं पण सुटतं. बरेच दिवस पडून राहिलेल्या बाटलीचा गाळ दगडासारखा होतो, मग पंप काढायचा आणि लांब काडीने तळ खरवडून ढवळायचा, दुसरा उपाय नाही. आणि जोरात हलवल्यावर लगेच फवारू नका, अर्धा मिनिट थांबा. हलवताना फेस होतो, फेसातली हवा नळीत गेली की पंप थुंकतोच, आणि तुम्हाला वाटतं नोझल तुंबलं. पण अर्धा मिनिट म्हणजे अर्धाच मिनिट हं, चहा घेऊन आलात तर मायका परत खाली. काम चालू असताना दर आठ-दहा फवाऱ्यांनी एकदा बाटली फिरवायची सवय लावा, पहिले फवारे चमकदार आणि नंतर पाणी ही तक्रार तेवढ्याने जाते.

दुसरं, तुम्ही दाबता कसं. हे कोणी तपासतच नाही. हा पंप म्हणजे छोटासा हातपंप आहे, आत स्प्रिंग, दट्ट्या आणि एक बारीक गोळी असते जी झडपेचं काम करते. बटणाच्या तोंडाशी छोटा कप्पा असतो, त्यात पाणी भोवऱ्यासारखं फिरून बाहेर पडतं म्हणून त्याचं धुकं होतं. फिरायला दाब लागतो. हळूहळू, घाबरत घाबरत बटण दाबलं तर दाब तयारच होत नाही आणि भोकातून थेंब ओघळतात. जी माणसं पान खराब होईल या भीतीने हलकं दाबतात त्यांचंच पान हमखास खराब होतं, हे मी कितीदा पाहिलंय! बटण एका दमात, शेवटपर्यंत दाबायचं. बाटली उभी धरायची, कारण निम्मी रिकामी बाटली तिरकी केली की नळीचं टोक उघडं पडतं आणि हवा ओढली जाते. अंतर २० ते ३० सेंटिमीटर. आणि एक गोष्ट ज्याने माझी निम्मी पानं वाचली, पहिला फवारा कधीच पानावर मारायचा नाही. पहिल्या दाबात नोझलच्या तोंडाशी अर्धवट वाळलेला थेंब बाहेर येतो, तो बाजूच्या रद्दी कागदावर जाऊ दे. नवीन किंवा बरेच दिवस न वापरलेल्या पंपाला तर हवा बाहेर काढायलाच पाच-सात वेळा दाबावं लागतं, तेवढ्यावरून बंद पडला म्हणू नका.

तिसरं, कागद. थेंबांचे डाग पडतायत की कागद पाणी धरत नाहीये, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे. एका जाड, चमक नसलेल्या कार्डस्टॉकवर, म्हणजे पुठ्ठ्यासारख्या कागदावर, एक फवारा मारा. तिथे बारीक ठिपके आले आणि तुमच्या पानावर डबकी झाली, तर बाटली निर्दोष आहे. ग्लॉसी कागदात पाणी मुरत नाही, ठिपके एकमेकांत मिसळून मोठे होतात. ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साधा कागद उलट लगेच वळतो, सुरकुततो, मग त्या खळग्यात रंग साचतो. २२० जीएसएमच्या पुढचं कार्डस्टॉक घ्या, भरपूर फवारायचं असेल तर ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर. पातळ कागद वापरायचाच असेल तर दोन हलके हात द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा.

चमक दिसत नाही ही तक्रार असेल तर इथेच काळ्या कागदाचा तुकडा घ्या. पांढरट मोतिया शिमर पांढऱ्या कागदावर जवळजवळ अदृश्य असतो, काळ्यावर तोच लखलखतो. काळ्यावर चमकला म्हणजे बाटलीतून मायका येतोय, फक्त पानाचा रंग बदलायला हवा. काळ्यावरही नाही चमकला तर परत पहिल्या तपासणीवर जा, मायका तळाशीच आहे. आणि वाळायच्या आत निकाल लावू नका, ओल्यात चमक कळत नाही, पाणी उडालं आणि पापुद्रे कागदावर आडवे पडले की ती वर येते. म्हणूनच पातळ थर जास्त चमकतो. डबकं झालं तर कडा आधी वाळतात, मधलं पाणी कण घेऊन कडेकडे सरकतं आणि मधे फिकट, कडेला चमकदार कडं उरतं. ओल्या डबक्यावर जवळून हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) धरली तर हवेनेच रंग ढकलला जातो, पाण्याची लकाकी जाईपर्यंत थांबा आणि मग गरम करा.

इथवर काही खर्च नाही. पुढे थोडं हात ओले करायचे आहेत.

चौथं, नोझल धुणं. बटण सरळ वर ओढलं की निघतं, पिरगळू नका. ते कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बुडवा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं झालं की बटण घट्ट बसत नाही आणि बाजूने गळतं. तेवढ्या वेळात पंप बाटलीतून काढून नळी स्वच्छ कोमट पाण्याच्या ग्लासात घाला, बटण भिजून झालं की परत लावा आणि दाबत राहा, आधी रंगीत, मग फिकट, मग स्वच्छ पाणी येईपर्यंत. बाइंडर गम अरेबिकचा असेल तर एवढ्यावरच सुटतो, कारण वाळलेला डिंक पाण्यात परत विरघळतो. अ‍ॅक्रिलिक मात्र एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. नुसतं बटण त्यात अर्धा तास ठेवा, मऊ पडेल, मग पाण्याने पंप मारा.

आता दोन गोष्टी इथे पक्क्या लक्षात ठेवा. पाणी आधी, अल्कोहोल नंतर, कारण गम अरेबिक अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, त्याच्या गुठळ्या होतात, म्हणजे घाईत थेट अल्कोहोल घातलं तर होतं त्याहून जास्त तुंबतं. त्याच कारणाने, लवकर वाळेल म्हणून बाटलीतच अल्कोहोल ओतायचा सल्ला कोणी दिला तर आतला बाइंडर कुठला आहे ते कळल्याशिवाय ऐकू नका. आणि अल्कोहोल पेट घेतं, हीट गन चालू असलेल्या टेबलावर त्याची वाटी ठेवायची नाही.

आणि टाचणी. साध्या टाचणीची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा जास्त, नोझलचं भोक साधारण ०.३ मिलिमीटर. म्हणजे टाचणी आत गेली याचा अर्थ भोक मोठं झालं. मग तुंबलेलं निघतं, फवारा परत येतो, पण आयुष्यभर जाडच येतो, शिवाय ढकललेला गाळ त्या भोवऱ्याच्या कप्प्यात जाऊन बसतो तो वेगळाच. काही घालायचंच असेल तर गिटारची सगळ्यात बारीक तार घ्या, ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते, आणि तीही भिजवून झाल्यावर, हलक्या हाताने.

पाचवं, नळी. फवारा सुरुवातीलाच लगदा देत असेल तर नळी बघा. टोक सपाट कापलेलं असून तळाला चिकटत असेल तर दोन दुखणी एकदम, एक तर तोंड बंद होतं आणि दुसरं म्हणजे गाळ ओढला जातो. तीन-चार मिलिमीटर तिरकी कापा. बाटलीत शेवटी थोडा रंग उरेल, तो ब्रशने वापरता येतो, त्याचं पुढे सांगते. यापेक्षा जास्त कापू नका, मग निम्म्या बाटलीलाच हवा ओढायला लागेल.

सहावं, आतला रंगच घट्ट झालाय का. झाकण सैल राहिलं की पाणी उडतं आणि बाइंडर-मायकाचं प्रमाण वाढतं. खाली टपकणारा थेंब बघा, पाण्यासारखा पडायला हवा, सायीसारखा लोंबला तर घट्ट आहे. डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घाला, हलवा, तपासा. नळाच्या जड पाण्यातले क्षार वाळून नोझलच्या तोंडाशी बसतात म्हणून डिस्टिल्ड. अति पातळ करू नका, पाण्याबरोबर बाइंडरही पातळ होतो आणि मग वाळल्यावर चमक बोटाला लागते ती याच कारणाने. तशी लागत असेल तर बाटलीत थोडं गम अरेबिकचं पाणी घाला, आणि झालेल्या पानावर फिक्सेटिव्हचा (रंग पक्का धरून ठेवणाऱ्या स्प्रेचा) हलका हात मारा. गुठळ्या दिसत असतील तर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा, मायका जातो, गुठळ्या राहतात. रंगाला कुबट वास येत असेल किंवा वर बुरशीचे तंतू दिसत असतील तर मात्र वाचवत बसू नका, ती बाटली गेली. ती बुरशी अल्बममध्ये जाऊ द्यायची नाही.

घरी स्प्रे बनवणाऱ्यांसाठी खास, कारण सगळ्यात जास्त तुंबलेल्या बाटल्या त्यांच्याच असतात. मायकाचे कण साधारण १० ते ६० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असले की ठीक. नोझलचं भोक ३०० मायक्रॉन, मग अडचण काय असं वाटतं, पण तीन-चार कण एकाच वेळी भोकाशी आले की एकमेकांना रेटून कमान धरतात, गर्दीत दारात माणसं अडकावीत तसे. त्यामुळे भरड, जास्त लखलखणारा मायका टाळा. आणि ग्लिटर तर अजिबात नको, बारीकात बारीक म्हणून मिळणारं साधं ग्लिटरसुद्धा २०० मायक्रॉनच्या आसपास असतं, ते या भोकाशी अडकणारच, कितीही हलवा. ६० मिलिलिटरच्या बाटलीला पाव चमचा मायका पुरतो, अर्धा चमचा घातला म्हणून दुप्पट चमकत नाही, दुप्पट तुंबतं.

सातवं आणि शेवटचं, पंप बदला. धुऊन, भिजवून, नळी कापूनही बटण वर येत नसेल तर आतली स्प्रिंग किंवा गोळी गाळाने धरलीये. तो पंप उघडून परत जोडायच्या फंदात मी आता पडत नाही, आतले भाग दाबून बसवलेले असतात, उघडले की पहिल्यासारखे बसत नाहीत. नवीन पंप घेताना बाटलीच्या मानेचं माप बघा, २०/४१० किंवा १८/४१५ असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा म्हणजे मानेचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि दुसरा आट्यांचा प्रकार. दोन्ही जुळायला हवेत, नाहीतर पंप बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच फवाऱ्याला मानेतून गळतो.

तोवर अडलेल्या बाटलीचं काय करायचं? वापरायची! मला तर हा भाग आवडतोच. पंप काढा, नळीला लागलेला रंग ब्रशवर घ्या आणि ब्रश बोटावर आपटून पानावर शिंतोडे उडवा, रात्रीच्या आकाशाचं पान करायचं असेल तर फवाऱ्यापेक्षा हे सुंदर दिसतं. दोन-तीन थेंब प्लास्टिकच्या शीटवर टाका, वर पाणी शिंपडा आणि टॅग (कागदाची छोटी चिठ्ठी) त्यावर उलटा दाबा, संगमरवरासारखी नक्षी उठते. स्टेन्सिलवर (नक्षी कापलेल्या साच्यावर) थुंकणारी बाटली कधीच वापरायची नाही, मोठा थेंब कडेखालून आत घुसतो आणि आकार पुसट होतो, पण चांगल्या बाटलीने स्टेन्सिल मारलीत तर ती उचलून ओली बाजू लगेच दुसऱ्या कोऱ्या पानावर दाबा, उलट नक्षी फुकटात मिळते. कागदी फुलांच्या पाकळ्यांना कडेने, रिबिनीला, टिश्यू पेपरला चुरगळून मग फवारलं तर घड्यांच्या टोकावर चमक बसते आणि खळगे मंद राहतात. आणि पानाच्या मधोमध थेंब पडलाच असेल तर पुसू नका, पुसलं की चट्टा पसरतो. टिश्यूचं टोक नुसतं टेकवून पाणी ओढून घ्या, वाळू द्या, मग तिथेच आणखी चार-सहा थेंब मुद्दाम पाडा, एकूण संख्या विषम होईल असे. एकटा थेंब चूक दिसतो, घोळका ठरवून केलेला दिसतो.

परत तुंबू नये म्हणून काम संपलं की पंप काढून स्वच्छ पाण्याच्या बरणीत आठ-दहा वेळा दाबायचा, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, झाकण घट्ट. महिनाभर वापरणार नसाल तर पंप वेगळा धुऊन ठेवा आणि बाटलीला साधं झाकण लावा. एवढं केलं तर वरच्या सातपैकी पाच तपासण्यांची वेळच येत नाही.

आता कुठे थांबायचं ते, आणि हे मी मनापासून सांगते.

तुमचा स्प्रे हातपंपाचा नसून दाबाच्या डब्यातला असेल तर वरचं धुणं-भिजवणं फक्त बटणापुरतं. डबा उघडायचा नाही, भोक पाडायचं नाही, गरम करायचा नाही. बटण धुऊनही चालत नसेल तर तो बदलून घ्या किंवा बनवणाऱ्यांना विचारा. एअरब्रशने शिमर मारत असाल आणि धुतल्यावरही फवारा फाटतोय, तर सुईचं टोक वाकलंय किंवा नोझलला तडा गेलाय, ते एअरब्रश दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, पकडीने सुई सरळ करायला जाऊ नका.

फवारताना खिडकी उघडी ठेवा, कोरडी मायका पावडर हाताळताना मास्क लावा, बारीक धूळ छातीत जाते. फवारा डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, लेन्स असेल तर काढायची आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, त्यानंतरही टोचत राहिलं किंवा धूसर दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दम लागतोय, खोकला थांबत नाहीये असं झालं तर काम तिथेच सोडून डॉक्टरला गाठा.

आणि जुने फोटो. ज्याची दुसरी प्रत नाही असा फोटो स्प्रेच्या पानावर आधी चिकटवूच नका, स्कॅन करून प्रिंट लावा आणि पान फवारून, पूर्ण वाळवून मगच लावा. तरीही मूळ फोटोवर थेंब पडलाच तर हात आवरा. जुन्या प्रिंटचा वरचा थर बहुधा जिलेटिनचा असतो, ओला झाला की फुगतो, मऊ पडतो, आणि त्या क्षणी पुसलं तर रंगाबरोबर चेहराही निघून येतो. बोट नाही, टिश्यू नाही, हीट गन नाही, अल्कोहोल तर नाहीच. फोटो वर करून आडवा ठेवा, वर काच किंवा प्लास्टिक ठेवू नका, ओलं जिलेटिन त्याला चिकटतं. धूळ बसणार नाही अशा जागी आपसूक वाळू द्या आणि कागद-छायाचित्रांचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे तसाच न्या. आपल्या हातात स्प्रेची बाटली असते, दुसरी आणता येते. फोटोच्या बाबतीत मी स्वतः एकही प्रयोग करत नाही.